यादीत नाव आल्यावर पुढे काय? नैसर्गिक जागतिक वारसा नेमका कसा जपला जातो

एखादं जंगल, बेट किंवा सरोवर जागतिक वारसा यादीत गेलं की बातमी झळकते, अभिनंदनं होतात आणि बहुतेकांचा समज होतो की चला, ही जागा आता वाचली, यापुढे युनेस्को तिच्याकडे बघेल. हा समज मुळापासून तपासायला हवा, कारण त्यापायी आपण चुकीच्या दाराशी उभे राहतो. युनेस्कोकडे एकही वनरक्षक नाही. शिकाऱ्याला पकडायचा, खाण बंद पाडायचा किंवा धरणाचं काम थांबवायचा अधिकार तिला नाही. जमीन त्या त्या देशाची असते, कायदा त्या देशाचा चालतो आणि पहारा करणारी माणसंही त्याच देशाची असतात.

मग या यादीला अर्थ काय? माझ्या मते ही यादी म्हणजे त्या देशाने साऱ्या जगासमोर दिलेला शब्द आहे. तो शब्द धरून कुणी जाब विचारला की त्याला भलतीच ताकद येते. कुणीच विचारलं नाही, तर तो कागदावर राहतो. दोन्ही गोष्टी घडलेल्या आहेत, आणि त्या पाहिल्या की ही सगळी व्यवस्था समजते.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९६०च्या दशकात इजिप्तमध्ये आस्वान धरणाच्या पाण्याखाली अबू सिंबेलची प्राचीन मंदिरं जाणार होती. युनेस्कोच्या हाकेला अनेक देशांनी पैसा आणि तज्ज्ञ दिले, मंदिरं कापून, तुकडे उंचावर नेऊन पुन्हा उभारली गेली. काही वारसा एका देशाचा असला तरी तो जपण्याची जबाबदारी सगळ्यांची, हा विचार तिथून पक्का झाला. त्याच सुमारास निसर्ग वाचवणारी मंडळी अशाच कराराची मागणी करत होती. दोन्ही प्रवाह एकत्र आले आणि १६ नोव्हेंबर १९७२ रोजी पॅरिसमध्ये जागतिक वारसा करार मंजूर झाला. मंदिरं आणि दऱ्याखोरी, किल्ले आणि कांदळवनं एकाच करारात बसवण्याचा हा निर्णय तेव्हा नवा होता. पहिली बारा नावं १९७८ मध्ये यादीत गेली. त्यांतली चार नैसर्गिक: इक्वेडोरची गालापागोस बेटं, अमेरिकेतलं यलोस्टोन, कॅनडातलं नाहानी आणि इथिओपियातलं सिमियन. आज करारात १९०हून अधिक देश आहेत. २०२५ च्या बैठकीनंतर यादीत एकूण १,२४८ स्थळं होती. त्यांत निव्वळ नैसर्गिक २३५ आणि निसर्ग व संस्कृती दोन्हींसाठी निवडलेली ४१.

कुठलीही सुंदर जागा यादीत जात नाही. एकूण दहा निकष आहेत, त्यांतले चार निसर्गाचे. एक निकष अपूर्व सौंदर्याचा किंवा थक्क करणाऱ्या नैसर्गिक घटनेचा. नेपाळचं सगरमाथा, म्हणजे एव्हरेस्टचा परिसर, या निकषावर निवडला गेला. मेक्सिकोच्या डोंगरात हिवाळा काढायला उतरणाऱ्या कोट्यवधी मोनार्क फुलपाखरांचं जंगलही याच निकषावर. दुसरा निकष पृथ्वीच्या इतिहासाचा. इजिप्तच्या वाळवंटात वादी अल-हितान नावाची दरी आहे, तिथे पाय असलेल्या देवमाशांचे सांगाडे वाळूत पडलेले आहेत. जमिनीवरचे प्राणी समुद्रात कसे गेले, याचा इतका उघडा पुरावा क्वचितच कुठे सापडेल. तिसरा निकष आजही चालू असलेल्या जैविक प्रक्रियांचा. आइसलँडजवळ १९६३ मध्ये समुद्रातून ज्वालामुखी उसळला आणि सुर्त्से हे बेट तयार झालं. उघड्याबोडक्या खडकावर जीवसृष्टी पहिल्यापासून कशी रुजते हे पाहता यावं म्हणून तिथे मोजक्या संशोधकांखेरीज कुणाला पाऊल ठेवता येत नाही. चौथा निकष जैवविविधतेचा, विशेषतः नामशेष होऊ घातलेल्या प्रजातींच्या अधिवासाचा. चीनच्या सिचुआनमधली पांडांची जंगलं त्यात मोडतात. गालापागोस चारही निकषांत बसतं.

निकष पुरा केला म्हणजे झालं असंही नाही. जागा पुरेशी मोठी हवी, तिच्यातलं मूळ ते शाबूत हवं, आणि ती सांभाळायला कायदा व यंत्रणा आहे हे दाखवावं लागतं. सगळी मूल्यवान जमीन सलग नसेल तर तुकडे जोडूनही प्रस्ताव करता येतो. भारताचा पश्चिम घाट २०१२ मध्ये असाच ३९ तुकड्यांचा मिळून यादीत गेला.

प्रस्ताव फक्त त्या देशाचं सरकारच पाठवू शकतं. संस्था, वैज्ञानिक किंवा गावकरी थेट अर्ज करू शकत नाहीत. आधी जागा देशाच्या संभाव्य यादीत टाकायची, मग नकाशे, शास्त्रीय पुरावे आणि व्यवस्थापनाचा आराखडा यांची जाडजूड फाइल द्यायची. नैसर्गिक स्थळांची पाहणी आययूसीएन, म्हणजे निसर्ग संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना करते. तिचे तज्ज्ञ प्रत्यक्ष जाऊन बघतात आणि शिफारस करतात. अंतिम निर्णय मात्र २१ देशांच्या समितीचा. हे देश निवडून आलेले असतात, त्यांचे प्रतिनिधी बहुधा राजनैतिक अधिकारी असतात आणि तज्ज्ञांचं मत बाजूला ठेवून निर्णय झाल्याची उदाहरणं कमी नाहीत. ही या व्यवस्थेतली खरी उणीव आहे, आणि ती झाकून काही उपयोग नाही.

आता दिलेल्या शब्दाला ताकद कशी येते ते पाहू. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया हे बेट-राज्य आहे. तिथल्या वीज महामंडळाला फ्रँकलिन नदीच्या संगमाखाली गॉर्डन नदीवर धरण बांधायचं होतं. धरण झालं असतं तर एक मोठं निर्मनुष्य खोरं आणि हिमयुगातल्या माणसांच्या वस्तीच्या खुणा असलेल्या गुहा पाण्याखाली गेल्या असत्या. त्याच राज्यात १९७२ मध्ये पेडर नावाचं सरोवर अशाच प्रकल्पात बुडालं होतं आणि ते दुःख लोक विसरले नव्हते. १४ डिसेंबर १९८२ रोजी दोन गोष्टी घडल्या. समितीने पश्चिम टास्मानियाचा हा रानटी प्रदेश जागतिक वारसा म्हणून जाहीर केला, आणि त्याच दिवशी आंदोलकांनी नदीवर धरणाचं काम अडवायला सुरुवात केली. पुढच्या काही महिन्यांत हजाराहून अधिक माणसांना अटक झाली. फ्रँकलिनच्या एका वळणावरचा, धुक्यातल्या पाण्याचा पीटर डोंब्रोव्स्किस यांनी टिपलेला फोटो वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींत पूर्ण रंगात छापला गेला. त्या खाली मतदारांना विचारलं होतं, याचा नाश करणाऱ्या पक्षाला तुम्ही मत द्याल का?

मार्च १९८३ च्या निवडणुकीत धरणाला विरोध करणारं बॉब हॉक यांचं सरकार केंद्रात आलं. पण अडचण अशी की ऑस्ट्रेलियात जमीन, नद्या, वीज हे विषय राज्याचे. धरण बांधणं हा राज्याचा अधिकार, केंद्राने नाक खुपसायचं कारण नाही, असं टास्मानिया सरकारचं म्हणणं होतं, आणि ते कायद्याच्या नजरेतून पोकळ नव्हतं. केंद्राने वेगळीच वाट धरली. परराष्ट्र व्यवहार हा केंद्राचा विषय आहे. ऑस्ट्रेलियाने जागतिक वारसा करारावर सही केली आहे. म्हणजे त्या करारातली जबाबदारी पार पाडायला कायदा करणं हे केंद्राच्या अधिकारात बसतं. संसदेने तसा कायदा केला, टास्मानिया सरकार हटलं नाही, प्रकरण ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयात, म्हणजे तिथल्या हायकोर्टात गेलं. १ जुलै १९८३ रोजी निकाल लागला: चार न्यायाधीश केंद्राच्या बाजूने, तीन विरोधात. धरण रद्द झालं आणि फ्रँकलिन आजही मोकळी वाहते.

या खटल्यात युनेस्कोने स्वतः काहीच केलं नाही, हे लक्षात घ्या. नदी वाचवली ती आंदोलकांनी, मतदारांनी, संसदेने आणि एका मताच्या फरकाने न्यायालयाने. पण यादीतलं नाव नसतं तर केंद्राच्या हाती इतका पक्का कायदेशीर आधार आला नसता.

आता उलट बाजू. अरबी ऑरिक्स हा वाळवंटातला पांढराशुभ्र, लांब सरळ शिंगांचा कुरंग. बंदुका आणि जीपगाड्या आल्या तशी त्याची शिकार इतकी झाली की १९७२ पर्यंत जंगलात एकही उरला नाही. सुदैवाने काही प्राणी आधीच पकडून प्राणिसंग्रहालयांत पैदाशीसाठी ठेवले होते. त्यांच्या वंशजांना १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात पुन्हा मोकळं सोडलं. हरासीस या स्थानिक जमातीची माणसं त्यांचा माग काढत पहारा करू लागली. कळप वाढले. १९९४ मध्ये हे अभयारण्य जागतिक वारसा झालं. १९९६ मध्ये तिथे सुमारे ४५० ऑरिक्स होते.

मग चोरटी शिकार सुरू झाली. जिवंत ऑरिक्सना खासगी संग्राहकांकडून भरपूर पैसे मिळत होते, आणि इतक्या विस्तीर्ण वाळवंटात पहारा अपुरा पडत होता. अकरा वर्षांत संख्या ६५ वर आली, त्यांत पिलं देऊ शकतील अशा जोड्या जेमतेम चार. त्याच जमिनीखाली तेल आणि वायू मिळण्याची शक्यता होती. ओमान सरकारने अभयारण्याचं क्षेत्र ९० टक्क्यांनी कमी करून टाकलं. २००७ मध्ये न्यूझीलंडमध्ये भरलेल्या बैठकीत समितीने हे स्थळ यादीतून काढलं. यादीतून नाव पुसलं जाण्याची ती पहिलीच वेळ.

यात मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे की करारातली सर्वांत कडक शिक्षा म्हणजे नाव काढून घेणं. ज्या सरकारला ते नाव नकोच आहे, त्याच्या दृष्टीने ती शिक्षाच नाही. ऑरिक्स पुढे टिकला तो अरबस्तानातल्या इतर राखीव क्षेत्रांमुळे आणि बंदिस्त पैदाशीमुळे, पण त्या वाळवंटाला वारशाचं संरक्षण लाभलं नाही.

नाव काढण्याच्या अलीकडे एक पायरी आहे, ती म्हणजे धोक्यातल्या वारशाची यादी. पुष्कळ सरकारं या यादीला घाबरतात, ती म्हणजे जगापुढे नाचक्की असं मानतात आणि नाव टाळण्यासाठी जोरदार खटपट करतात. खरं तर मदत आणि लक्ष मिळवायची ती सोय आहे. यलोस्टोनचंच पाहा. उद्यानाच्या हद्दीपासून काही किलोमीटरवर सोन्याची खाण येऊ घातली होती. १९९५ मध्ये यलोस्टोन धोक्याच्या यादीत गेलं, अमेरिकेत गदारोळ झाला, आणि पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी खाण कंपनीशी तडजोड जाहीर करून प्रकल्प गुंडाळला. २००३ मध्ये नाव त्या यादीतून निघालं.

बेलीझची गोष्ट तर मला याहून उजवी वाटते. हा मध्य अमेरिकेतला चिमुकला देश. त्याच्या किनाऱ्यालगतची प्रवाळाची रांग २००९ मध्ये धोक्याच्या यादीत गेली, कारण कांदळवनं तोडली जात होती, बेटांवरच्या जमिनी विकल्या जात होत्या आणि समुद्रात तेल शोधायचे परवाने दिले होते. सरकार ढिम्म होतं. तेव्हा २०१२ मध्ये स्वयंसेवी संस्थांनी स्वतःच देशभर मतपेट्या ठेवून अनौपचारिक जनमत घेतलं. मतदान करणाऱ्यांपैकी बहुतांश लोकांनी समुद्रातल्या तेलाला नकार दिला. मासेमारी आणि पर्यटनावर पोट असलेल्यांनी तगादा सोडला नाही. शेवटी डिसेंबर २०१७ मध्ये कायदा झाला: देशाच्या संपूर्ण सागरी हद्दीत तेलाचा शोध बंद. नुसत्या वारसा स्थळापुरता नव्हे, संपूर्ण समुद्रात. २०१८ मध्ये रांग धोक्याच्या यादीतून बाहेर आली.

सगळीकडे असं होत नाही. काँगोमधलं विरुंगा हे आफ्रिकेतलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, पहाडी गोरिलांचं घर. शेजारच्या रवांडातल्या हत्याकांडानंतर लाखो निर्वासित त्याच्या कडेला येऊन राहिले आणि सरपणासाठी झाडं तोडली गेली. १९९४ पासून ते धोक्याच्या यादीतच आहे. सशस्त्र टोळ्यांशी लढताना तिथल्या दोनशेहून अधिक वनरक्षकांनी जीव गमावला आहे. पहाडी गोरिलांची एकूण संख्या मात्र या काळात वाढून हजाराच्या पुढे गेली. ती वाढ या माणसांच्या आणि युगांडा, रवांडातल्या त्यांच्या सहकाऱ्यांच्या जिवावर उभी आहे.

धोका दर वेळी बंदूक किंवा बुलडोझर घेऊन येत नाही. अंटार्क्टिका आणि टास्मानियाच्या मध्ये मॅक्वारी नावाचं लांबट, वाऱ्याने झोडपलेलं बेट आहे. पृथ्वीच्या पोटातला, कवचाखालचा खडक समुद्रतळावरून वर उचलला जाऊन उघडा पडलेला दिसतो, अशी ही अत्यंत दुर्मीळ जागा. त्यासाठी १९९७ मध्ये ते यादीत गेलं. एकोणिसाव्या शतकात सील मारणाऱ्यांनी तिथे मांजरं, उंदीर आणले, खायला म्हणून ससे सोडले. मांजरं पक्षी खात म्हणून त्यांना हटवायची मोहीम झाली आणि २००० मध्ये शेवटचं मांजर गेलं. मात्र मांजरं ससेही खात होती. सशांना आवरण्यासाठी सोडलेल्या विषाणूचा प्रभावही तोवर ओसरत चालला होता. सशांची संख्या लाखाच्या वर गेली, त्यांनी उतारांवरचं उंच गवत मुळापर्यंत कुरतडलं, आणि गवताने धरून ठेवलेली माती पावसात खाली घसरू लागली. २००६ मध्ये अशीच एक दरड पेंग्विनांच्या वसाहतीवर कोसळली.

मग ऑस्ट्रेलियाने ससे आणि लहानमोठे उंदीर एकाच दमात संपवायचं ठरवलं. हेलिकॉप्टरमधून अख्ख्या बेटावर विषारी आमिष टाकलं. त्यातून वाचलेला शेवटचा ससा हुडकायला खास शिकवलेले कुत्रे आणि माणसं महिनोन्‌महिने ते बेट पायाखाली घालत राहिली. मधल्या काळात आमिषाने काही पक्षीही दगावले, हेही सांगायला हवं. २०१४ मध्ये बेट मुक्त झाल्याचं जाहीर झालं. गवत परतलं, बिळांत घरटी करणारे समुद्रपक्षी परतू लागले. 'संरक्षित' या शब्दामागे असं कंबरडं मोडणारं, वर्षानुवर्षांचं काम असतं.

आणि जिथे माणसं राहतात तिथलं काय? संरक्षणाच्या नावाखाली मूळच्या रहिवाशांना हुसकावण्याचा इतिहास यलोस्टोनपासूनचा आहे. केनियात बोगोरिया सरोवराकाठच्या एंडोरोइस लोकांना १९७०च्या दशकात राखीव क्षेत्रासाठी उठवलं. आफ्रिकी मानवाधिकार आयोगाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला, तो २०१० मध्ये जाहीर झाला. तरी पुढच्याच वर्षी त्यांची रीतसर संमती न घेता ते सरोवर जागतिक वारसा झालं. हा अन्यायच होता, आणि आयोगाने त्यावर जाहीर नाराजी नोंदवली.

कॅनडातल्या पिमाचिओविन आकी या जंगलाची वाट वेगळी होती. तिथल्या अनिशिनाबे समाजांनी स्वतः पुढाकार घेऊन प्रस्ताव तयार केला. जमीन आणि माणूस वेगळे मानायचेच नाहीत, हा त्यांचा विचार निसर्ग एका रकान्यात आणि संस्कृती दुसऱ्या रकान्यात मांडणाऱ्या निकषांत बसेना. २०१३ मध्ये प्रस्ताव लांबणीवर पडला. त्यांनी तो सोडला नाही, आणि २०१८ मध्ये ते जंगल निसर्ग व संस्कृती दोन्हींसाठी यादीत आलं. त्यांच्यामुळे निकष लावणाऱ्यांनाही आपल्या चौकटीचा विचार करावा लागला.

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड. हद्दीवर चौकी बसवून जो अडवता येत नाही, त्या धोक्याचं काय करायचं? आययूसीएनच्या २०२० च्या आढाव्यात हवामान बदल हा नैसर्गिक वारसा स्थळांपुढचा पहिल्या क्रमांकाचा धोका ठरला. त्याआधी तो मान परक्या आक्रमक प्रजातींचा होता. ऑस्ट्रेलियाचं ग्रेट बॅरियर रीफ, म्हणजे समुद्रातली प्रवाळाची प्रचंड रांग, १९८१ पासून यादीत आहे, सुमारे २,३०० किलोमीटर पसरलेलं. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रवाळाला अन्न आणि रंग देतं. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी अंशभर जरी काही आठवडे तापलेलं राहिलं, तरी प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. लवकर गारवा आला तर सावरतो, नाही तर उपासमारीने मरतो. असं व्यापक प्रमाणात १९९८ आणि २००२ मध्ये घडलं. मग २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४. सावरायला मिळणारी उसंतच आटत चालली आहे.

२०२१ मध्ये रीफला धोक्याच्या यादीत टाकायचा प्रस्ताव आला. तापमान सगळ्या जगाने वाढवलं, मग एकट्या आमच्यावर ठपका का, अशी ऑस्ट्रेलियाची तक्रार होती, आणि खूप मनधरणीनंतर निर्णय पुढे ढकलला गेला. मला ती तक्रार अर्धीच पटते. ऑस्ट्रेलिया कोळशाच्या मोठ्या निर्यातदारांपैकी एक आहे, आणि शब्द सगळ्याच देशांनी दिला आहे. कराराच्या सदस्य देशांनी २०२३ मध्ये वारसा स्थळांसाठी हवामानविषयक धोरण मंजूर केलं, पण उत्सर्जन कमी करायला कुणाला भाग पाडण्याचं बळ त्यात नाही.

तोवर हाती आहे ते एवढंच: बाकीचे घाव कमी करायचे. २००४ मध्ये रीफवर मासेमारीला पूर्ण बंदी असलेलं क्षेत्र पाच टक्क्यांहून कमी होतं, ते एकदम ३३ टक्क्यांवर नेलं. अशा बंदी असलेल्या भागांत मासे मोठे आणि जास्त आढळतात, आणि प्रवाळ खाणाऱ्या काटेरी तारामाशांचा उपद्रवही तुलनेने कमी दिसतो. शेतांतून वाहून येणारी खतं आणि गाळ कमी करण्याचं काम नदीखोऱ्यांत चालू आहे, पण ठरवलेली उद्दिष्टं अजून गाठलेली नाहीत. त्या कामाचा हिशोब ऑस्ट्रेलियाला समितीपुढे ठेवावा लागतो, आणि इतर स्थळांचे असे अहवालही समितीच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात.